हंसाच्या मानेचे माठ

फार मागची गोष्ट, गाढवं मालकाला तोंडावर बोलायची तेव्हाची. रावजी कुंभारानं हंसाच्या मानेसारख्या बारीक गळ्याचे माठ घडवले. दिसायला काय देखणे म्हणून सांगू! पण तीन बाजार झाले, एकही खपला नाही. सगळे गाढवाच्या पाठीवरून परत.

तिसऱ्या बाजाराहून येताना गाढव रस्त्यातच बसलं.

“ऊठ की रे! लोक अडाणी, त्यांना कला कळत नाही, मी काय करू?”

“अडाणी?” गाढव भडकलं. “बायका टिचकी मारतात, आत हात घालून बघतात. हात जात नाही म्हणून खाली ठेवतात. आतून घासायचा कशानं, माझ्या शेपटीनं? मी शेजारी उभा राहून ऐकतो. तू ऐकत नाहीस, आणि ओझं माझ्या पाठीवर!”

“न जायला काय झालं?” म्हणत रावजीनं रागानं माठात हात खुपसला. तो मनगटाशी अडकला. ओढला, पिळला, निघेना. शेवटी त्यानं माठच दगडावर आपटला.

हात चोळत त्यानं खापऱ्यांकडे बघितलं. मग गाढवाशेजारी खाली बसला.

“बायका आणखी काय काय म्हणत होत्या रे?”