भानुदासच्या हातचा आवाज

एका तालुक्याच्या गावी भानुदास आवळे नावाचा क्लॅरिनेटवाला होता. वरातीत तो वाजवू लागला की बायामाणसं हातातलं काम टाकून दारात येत. पण पन्नाशीत त्याचे पुढचे दात पडले. कवळी बसवून पाहिली, तरी सूर निसटायचा. बँडचे मालक रघुनाथराव भले गृहस्थ. त्यांनी त्याला काढलं नाही, भोंग्याची गाडी ढकलायला ठेवलं. ज्या गल्ल्यांत लोक त्याला फर्माईश करायचे, त्याच गल्ल्यांतून तो आता मुकाट्याने गाडी ढकलायचा.

बाजारात शौकतभाईंचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी एकदा भानुदासला मोबाइलवर एक वाद्य दाखवलं. मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात त्याला. त्याचे भाग वेगवेगळे असतात. एक आवाज काढतो, दुसरा तो लहानमोठा करतो, तिसरा त्याला वळण देतो, आणि सगळे वायरींनी एकमेकांना जोडायचे. सुटे भाग, कोरा सर्किट बोर्ड आणि आकृत्यांचा कागद असा संच मिळतो. बांधायचं आपल्या हातांनी. याला फुंकर लागत नाही, हे ऐकताच भानुदास सगळेच संच एकदम मागवायला निघाला. शौकतभाईंनी त्याला थांबवलं. आधी दोनच घे, म्हणाले, वीज पुरवणारा आणि आवाज काढणारा. ते वाजू लागले की पुढचे घे.

भानुदास शौकतभाईंकडून सोल्डरिंग, म्हणजे कथील वितळवून जोड पक्के करणं, शिकला. बोटं भाजली, तरी रोज घराच्या ओट्यावर बसून थोडं थोडं करून त्याने दोन आठवड्यांत बोर्ड पुरा केला. बँडमधली सगळी मंडळी बघायला आली. बटण दाबलं, पण आवाजच नाही. कुणी हसलं नाही, त्याचंच त्याला जास्त लागलं.

लग्नसराई तोंडावर आली होती. रघुनाथराव म्हणाले, तयार कीबोर्ड भाड्याने आणू, कुणाला कळणार आहे? शौकतभाईंनी बोर्डासाठी हात पुढे केला. त्यांच्यासाठी ते अर्ध्या तासाचं काम होतं.

भानुदासने बोर्ड दिला नाही. "भाई, चूक माझ्या हातची आहे, ती मलाच सापडू द्या. नाहीतर भर वरातीत बिघडलं तर मी काय करू?"

तो भिंग घेऊन बसला. आकृतीशी ताडून एकेक जोड तपासू लागला. तिसऱ्या दिवशी सापडलं. वीज एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड उलटा बसला होता. काळ्या रेघेचं टोक भलत्याच बाजूला. भानुदासला आठवलं. त्या दिवशी दोनचार ओळखीचे ओट्यावर येऊन बसले होते, आणि त्यांच्यासमोर रुबाब दाखवायला त्याने कागदाकडे न बघताच तो भाग डकवला होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने डायोड काढला, सुलट बसवला आणि बटण दाबलं.

आवाज आला. बोकड ओरडावा तसा. भानुदास तो कितीतरी वेळ ऐकत बसला.

मग त्याने एकेक संच मागवला. बोट फिरवून सूर खेचायची पट्टीही बांधली. लग्नसराईत रघुनाथरावांनी गाडी ढकलायला दुसरा माणूस लावला आणि भानुदासला बँडच्या पुढे उभं केलं. एका वरातीत खड्ड्यातून जाताना वाद्य अचानक बंद पडलं. वऱ्हाडी कुजबुजू लागले. भानुदासने झाकण उघडलं, सुटलेल्या जोडावर नेमकं बोट ठेवलं, गाडीवरच्या जनरेटरवर सोल्डरिंगची कांडी तापवून तो जोड पक्का केला. ढोलवाल्यांचा ठेका चालू होता, त्यातच पुन्हा सूर धरला. लांबलचक मींड घेतली, तशी दारंखिडक्या माणसांनी भरली.

वरात मांडवात पोचल्यावर नवरदेवाच्या मामांनी वाद्याला हात लावून विचारलं, "कुठल्या कंपनीचं हो हे?"

"आवळे कंपनीचं," भानुदास म्हणाला. "कारखाना आमच्या ओट्यावर आहे."

तात्पर्य: चारचौघांत रुबाब दाखवायला घाईने केलेलं काम फसतं, पण जो आपली चूक आपल्या हाताने शोधून सुधारतो, त्याला आपल्या कामाचा खुशाल अभिमान बाळगता येतो.