समतोल निष्कर्ष

शुद्धलेखनात चुका असतील, शब्दही साधेच आहेत. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

“...पण यात तुझं म्हणणं काय?”

भंते शीलानंदांनी निबंधाची पानं मांडीवर ठेवली.

प्रज्योत हसला. विहाराच्या अभ्यासिकेत निबंधात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. रविवारी मुख्य परीक्षा. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटचीच.

“म्हणणं मुद्दामच नाही, भंते. मत दिसलं की तपासणारा बिथरतो. दोन्ही बाजू मांडायच्या आणि मधला रस्ता धरून मोकळं व्हायचं. शेवटचा परिच्छेद माझा पाठच आहे. धरण असो की मोबाइल, कुठंही बसतो.”

“इथंही बसला?”

“अगदी फिट्ट!”

निबंधाचा विषय होता, मैल्याच्या टाक्या साफ करताना गुदमरून मरणारी माणसं.

“वाच तो परिच्छेद.”

प्रज्योतने खड्या आवाजात वाचलं, “सारांश, दोन्ही बाजूंत तथ्य आहे. टोकाची भूमिका न घेता मध्यममार्ग स्वीकारणे हितावह ठरेल.” मग मान वर करून म्हणाला, “आपल्याच धम्मातला शब्द, भंते!”

भंते उठले, कोपऱ्यातली पहार घेतली आणि विहाराच्या मागे गेले. प्रज्योत मागोमाग.

शौचालयाच्या टाकीचं झाकण त्यांनी पहारीने सरकवलं. वास असा अंगावर आला की प्रज्योतने नाकाला रुमाल लावला.

“उतर.”

“काय?”

“तळाला नको. वरही नको. मध्ये थांब.”

प्रज्योत हसायला गेला. भंते हसत नव्हते. त्यांनी त्याचं मनगट धरलं.

“अहो भंते, चेष्टा पुरे! मरेन मी!”

“ही टोकाची भूमिका झाली.”

...

प्रज्योतचा चेहरा पांढराफटक पडला. तो तिथंच मटकन बसला. मघाशी खड्या आवाजात वाचलेलं त्याला आत्ता कुठं ऐकू आलं होतं. हे मी लिहिलं? मी?

भंतेंनी मनगट सोडलं, झाकण पुन्हा बसवलं, आणि हात धुवायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रज्योतने जुनी पानं फाडली आणि एका बैठकीत निबंध नव्याने लिहिला. अमानुष, निंद्य, लाजिरवाणे, माणुसकीला काळिमा... ओळीओळीत जाळ होता. पानं घेऊन तो भंतेंसमोर उभा राहिला.

“हे माझं मत, भंते. अगदी आतून आलेलं.”

भंतेंनी शेवटपर्यंत वाचलं.

“दिसतंय. पानभर तूच आहेस. मेलेलं माणूस एकही नाही.”

...

“टाकीत कोण उतरलं होतं?”