निळाईकडे पाठ

मंगळावरच्या घुमटात केरबा वाढप्याने महाराजांना आमटी वाढली, आणि देवीकडे पाठ केल्याचा आळ त्याच्यावर आला.

घुमटातली माणसं पृथ्वीला पूजत. तिला ती निळाई म्हणत. निळाईकडे कुणी पाठ करायची नाही, एवढाच त्यांच्या धर्माचा नियम. बाहेर बहुतेक वेळ धुरळा, म्हणून दरबारात भिंतभर पडदा लावला होता आणि त्यावर निळाई दिवसरात्र दिसे. महाराजांचं सिंहासन पडद्याशेजारीच असल्याने कधी अडचण आली नव्हती. पण जेवताना आपल्यालाही देवी दिसावी म्हणून महाराजांनी सिंहासन समोरच्या भिंतीला हलवलं. आता महाराजांना वाढायचं, तर पाठ निळाईकडेच होणार.

"मग उलटा चालत येऊन वाढतो," केरबा म्हणाला.

"म्हणजे माझ्याकडे पाठ? उद्या तुझ्या घरातल्या कुणीही वाढावं. पण माझ्यासमोर उभं राहून, आणि निळाईही नजरेपुढे हवी. नाही जमलं तर ध्रुवावर बर्फ फोडायला जायचं."

केरबाचे गुडघे गेलेले. ध्रुवावर तो महिनाभरही टिकला नसता. घरी येऊन त्याने मुलीला, चांगुणाला, सगळं सांगितलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "तू जेवलीस का?"

"जेवते. आबा, आपली मोठी थाळी कुठाय?"

"कोपऱ्यात. काळी पडलीय."

"असू दे. घासते."

दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला चांगुणा दरबारात आली. आमटीचं पातेलं तिने चौरंगावर ठेवलं आणि पुजाऱ्यांकडे वळली.

"बुवा, पडद्यावर हे चित्र आहे, की निळाई?"

"चित्र काय म्हणतेस, पोरी? रूप उतरलं की ती साक्षात निळाईच."

"बरं."

ती महाराजांसमोर उभी राहिली. डाव्या हातात लखलखीत थाळी धरली, थोडी तिरकी केली. पाठीमागची निळाई थाळीत आली. तिला नमस्कार करून चांगुणाने उजव्या हाताने महाराजांच्या वाटीत आमटी वाढली.

"पाठ निळाईकडेच आहे," महाराज म्हणाले.

"निळाई माझ्यासमोर आहे, महाराज. थाळीत उतरलीय."

"थाळीचं वेगळं," पुजारी घाईने म्हणाले. "थाळीत आपण जेवतो."

"मग थाळीतली धरू नका. पण मग पडद्यावरचीही धरू नका. खरी निळाई या वेळी मावळलेली असते. म्हणजे आपल्या पायांखाली."

दरबारातल्या दोघातिघांनी हळूच पाय वर घेतले.

"थाळीतली साक्षात असेल, तर तुम्ही सांगितल्याप्रमाणेच मी वाढलं," चांगुणा म्हणाली. "नसेल, तर आबांनी काल नुसत्या भिंतीकडे पाठ केली. काय ते ठरवा, महाराज. आमटी निवतेय."

महाराजांनी पुजाऱ्यांकडे पाहिलं. पुजाऱ्यांनी आमटीकडे पाहिलं. मग महाराज हसायला लागले, ते इतके की वाटी लवंडली आणि केरबाला बोलावून पुन्हा वाढून घ्यावं लागलं. त्याने ती समोरूनच वाढली.

बक्षीस म्हणून बापलेकीला घुमटाच्या कडेची खोली मिळाली. तिला खिडकी होती, आणि धुरळा बसला की संध्याकाळी तिथून खरी निळाई दिसे. केरबाला एवढीच अडचण झाली, की ती मावळेपर्यंत त्याला कूस बदलता येत नसे.