विंडरमिअरचा पुढचा जिना

विंडरमिअर मॅन्शन म्हणजे मुंबईतल्या गावदेवीची जुनी शान. एका गोऱ्या व्यापाऱ्यानं बांधलेली, आता आतून फ्लॅट पाडलेली आणि सरकारनं हेरिटेज म्हणून जपलेली. पुढे सागवानी कठड्याचा रुंद जिना, मागे नोकरांसाठी लोखंडी गोल जिना, मांजर जेमतेम वळेल असा.

सोसायटीचे चेअरमन टिपणीस देहानं मोठे आणि ऐटीनं त्याहून मोठे. वरच्या मजल्यावर, साहेबाच्या जुन्या नाचघरात भरलेल्या सभेत ते गरजले, "वास्तू जपायची तर रीतही जपा! साहेबाच्या काळी नोकरमाणसं मागच्या जिन्यानं यायची. उद्यापासून तसंच!"

कालिंदीबाई रांगणेकरांच्या काळजात चर्र झालं. त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या हौसाबाईंचे गुडघे कधीच गेले होते. पण कालिंदीबाईंनी हसतमुखानं पहिला हात वर केला.

"माझा पाठिंबा! आणि उद्यापासून कशाला? आत्तापासूनच." त्यांनी उठून मागचा दरवाजा सताड उघडला. "चला टिपणीस, खाली उतरू. आधी तुम्ही."

"मी? मी का मागून?"

"अहो, साहेबाच्या काळी पुढचा जिना फक्त गोऱ्यांचा. तुमच्या-माझ्या आजोबांना तिथं कोणी पाय ठेवू दिला असता?"

सभा खदखदून हसली. टिपणीसांनी एकदा त्या गोल जिन्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पोटाकडे, आणि ठराव तिथंच बारगळला.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई कठडा धरून पुढचा जिना चढत होत्या. वरून टिपणीस घाईत आले, थबकले आणि भिंतीला चिकटून उभे राहिले.

"सावकाश या, हौसाबाई," ते म्हणाले. "जिना आपलाच आहे."