ठकूचा टेका

तिथं बसू नकोस गं पोरी. तो धोंडा बसायचा नाही, पाटी टेकायचा आहे. घाटात बाकी सगळीकडे दरड सरळ उभी. इथंच, झऱ्याला लागून, बाईच्या खांद्याएवढा धोंडा बाहेर आलाय. ह्याला ठकूचा टेका म्हणतात.

फार मागं खाली बंदरावर ठकू नावाची बाई होती म्हणे. नवरा समुद्रात बुडाला, पदरात एक लेक. सुक्या मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ती बाकीच्या बायांबरोबर हा घाट चढायची, वरच्या बाजारात विकायची. सासऱ्यानं तिची मिळकत मागितली. ही म्हणाली, "पाटी माझ्या डोक्यावर, पैसा माझ्या लेकीचा." झालं! गावकीनं तिला वाळीत टाकलं. बाजार बंद केला नाही हं, तेवढे ते शहाणे. एवढंच ठरवलं, की तिच्या पाटीला कुणी हात लावायचा नाही.

तुला कळायचं नाही, म्हणून सांगते. भरली पाटी एकटीला जमिनीवरून डोक्यावर घेता येत नाही, उचलायला दुसरीचा हात लागतो. घरी ओट्यावरून घेता येते, पण घाटात खाली ठेवली की संपलं. म्हणून ठकू कुठं न टेकता चढायची, सगळ्यांच्या मागून, एकटी.

एका वैशाखात ती इथं पोचली तेव्हा घशाला कोरड पडली होती. बाया पाणी पिऊन बसलेल्या. तिनं एकेकीला नावानं हाक मारली, नुसता हात लावा म्हणाली. सगळ्या खाली बघत राहिल्या आणि उठून चालू लागल्या. वाकावं तर पाटी जाते, न वाकावं तर जीव जातो. तेव्हा म्हणे ही दरड हलली आणि धोंडा तिच्या खांद्याशी येऊन थांबला. डोंगराला दया आली, असं सांगतात. डोंगराला आली, बायांना नाही आली, ह्याचा मला अजून राग येतो.

पुढं सासरा गेला, गावकीनं बंदी उठवली. बाया ओशाळून इथंच हात लावायला पुढं झाल्या. ठकू म्हणाली, "राहू द्या. आता लागत नाही." मरेपर्यंत तिनं पाटी ह्या धोंड्यावरूनच घेतली, एकटीनं. तिच्याशी बोलायला कुणाला तोंड उरलं नव्हतं.

आता पाट्या जीपच्या टपावर जातात. पण आजही ह्या वाटेनं ओझं घेऊन बाई आली, तर तिच्यावर मागायची वेळ येऊ द्यायची नाही. ओळख असो नसो, आधीच हात लावायचा.

चल, ऊठ. ती पिशवी पाठीला लाव, मी मागून उचलून धरते. नको म्हणू नकोस.