झाकून ठेवलेली कविता

फार पूर्वी, डोंगराच्या पोटाशी वसलेल्या एका गावात एक अजब रीत होती. प्रत्येकाची एक आवडती कविता असे. माघ पंचमीला सकाळी सगळे चावडीसमोर जमत आणि आपापली कविता म्हणत. एरवी वर्षभर कवितेचा शब्दही काढायचा नाही, असा पाटलाचा हुकूम होता.

"रोज म्हटली की कविता शिळी होते," पाटील म्हणे. त्याचं कवितेवर प्रेम होतं, खोटं कशाला बोला!

त्या गावात एक म्हातारा बुरूड आणि त्याची लेक राहत. म्हाताऱ्याची कविता बांबूच्या बनाची, चांगली लांबलचक. ती दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. सारं गाव तिची वाट पाही, पाटील तर सगळ्यांहून जास्त.

ज्येष्ठात म्हातारा अंथरुणाला खिळला. सूप विणता विणता लेक म्हणाली, "आबा, ती कविता शिकवा ना मला. हळूच म्हणा."

"वेडी का काय? पाटलांना शब्द दिलाय. माघात म्हणेन की."

लेक तरातरा पाटलाकडे गेली. "पाटील, आबांचं काही खरं नाही. त्यांना म्हणू द्या."

"आज तुला मुभा दिली की उद्या गाव मागेल. तुझा बाप चिवट आहे गं, माघ सहज काढेल."

"आणि नाही काढला तर?"

"अभद्र बोलू नकोस. जा, सुपं वीण."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण बाप शब्द मोडेना आणि पाटील हट्ट सोडेना. ती दात-ओठ खात राहिली.

श्रावणात म्हातारा गेला.

माघ पंचमीला चावडी भरली. म्हाताऱ्याची पाळी आली तसा पाटील लेकीकडे वळला. "पोरी, आता तू म्हण बापाची कविता."

लेक ताडकन उठली. "मी? मी कुठून म्हणू? तुम्ही जपून ठेवली होतीत ना? मग काढा बाहेर! शेवटी त्यांचे ओठ हलत होते, पाटील. मी कान लावला, तर त्यांनी ओठ मिटून घेतले. तुमच्या हुकुमापायी! माझ्या आबांचा आवाज घरात घुमायला हवा होता, तो तुम्ही कोंडून मारलात!"



पाटलाने डोळे मिटले. "बांबूच्या बनात वारा शिरला..." तो पुटपुटला. पुढची ओळ येईना. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडला. गावाकडे पाहिलं, तर सगळ्यांच्या माना खाली.

लेक पाठ फिरवून चालू लागली. तिच्या मागोमाग एकेक जण उठला. आयांनी वाटेतच लेकरांना आपल्या कविता शिकवायला घेतल्या, मोठ्याने, पाटलाला ऐकू जाईल अशा. त्याने कुणालाच अडवलं नाही. तो उन्हात एकटाच बसून ती एक ओळ घोकत राहिला.

तात्पर्य: आवडती कविता आजच कुणाला तरी म्हणून दाखवावी; झाकून ठेवलेली कविता माणसाबरोबर मरते.