फुलवंताचं हसू

पळसाच्या रानाला टेकून एक इवलंसं गाव होतं. त्या गावात फुलवंता नावाची मुलगी राहायची. बाप आता नव्हता. माय पत्रावळी लावायची, आणि फुलवंता सकाळी लवकर उठून तिच्यासाठी रानातून पळसाची हिरवीगार पानं आणायची.

पोरगी मोठी गोड. बोलणं मंजुळ, डोळे टपोरे. पण हसताना मात्र ती तोंडावर हात धरायची. तिच्या दातांवर तपकिरी डाग होते, आणि पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. गावात बहुतेकांचे दात असेच डागाळलेले, म्हणून गावात कुणी काही बोलत नसे. पण एकदा बाजारात बांगडीवाल्याच्या आरशापुढे ती खुदकन हसली, तर परगावची पोरं ओरडली, "करपलेलं कणीस! करपलेलं कणीस!" त्या दिवशी ती घरी येऊन मायच्या पदरात खूप रडली.

एका गुलाबी सकाळी रानात तिला बारीकसं हुंदक्यासारखं काही ऐकू आलं. बघते तर काय! बाभळीच्या चिकट डिंकात बोटाएवढी परी अडकलेली. झगा मोरपंखी, पंख चंदेरी, आणि एक पंख डिंकात घट्ट रुतलेला.

"हलू नकोस हं, फाटेल तो," फुलवंता हळूच म्हणाली. तिने आपल्या गडूतलं प्यायचं पाणी थेंबथेंब सोडलं आणि फुंकर घालत घालत तो नाजूक पंख मोकळा केला. गडू रिकामा झाला, तहान तशीच राहिली.

परीने पंख झटकले. आजूबाजूला चांदीची भुकटी उडाली. "गुणाची गं माझी बाय! माग, एक इच्छा माग. पण एकच हं, आणि गवतावरचं दव सुकायच्या आत."

फुलवंताने मान खाली घातली. "परीताई, माझं हसू छान करशील?"

"करीन की! हे चांदण्याचं दूध लावलं तर डाग पुसट होतील. पण जांभळं-करवंदं खाशील, तर रंग पुन्हा चढेल. ही रुपेरी तार बांधली तर दात ओळीत येतील. पण दोन पावसाळे धीर धरावा लागेल, आणि तार टोचेल थोडी. नाहीतर ही शिंपल्याची पाकळी. दात जरासा तासून वर बसवायची, की मोत्यासारखा दिसतो. पण एकदा दात तासला की पहिल्यासारखा होत नाही, आणि मग दाताने ऊस सोलायचा नाही!"

फुलवंताने ती झुळझुळीत पाकळी नुसतीच दातावर धरली आणि दवाच्या थेंबात पाहिलं. आपणच का या? तिला आपला हात खाली घ्यावासा वाटेना.

"परीताई, हे डाग आले कुठून गं? मी तर रोज दात घासते."

गडूच्या काठावरचा थेंब परीने जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं. "तुमच्या विहिरीच्या पाण्यात एक क्षार लपलाय. लहान मुलांचे जे दात अजून हिरडीत झोपलेत, त्यांना तो तिथेच डाग पाडतो."

फुलवंताला आपला तान्हा भाऊ दमडू आठवला. तांदळाच्या कण्यांसारखे त्याचे दोनच दुधाचे दात आले होते. बाकीचे अजून झोपलेले. उद्या त्यालाही बाजारातली पोरं चिडवतील.

गवतावरचं दव भराभर सुकत चाललं. पाकळी तिच्या बोटांत लकाकत होती. तिने ती घट्ट धरली, मग सैल सोडली, पुन्हा धरली. डोळ्यांत पाणी आलं.

"गावाला गोडं पाणी देता येईल?" तिने विचारलं.

"येईल. पण मग तुझी इच्छा संपली, राणी. तुझे दात राहतील असेच."

फुलवंताने पाकळी परीच्या तळहातावर ठेवली. "राहू देत. पाणी दे."

परीने टाच आपटली. खडक तडकला आणि झुळुझुळु, झुळुझुळु, निळंशार पाणी गावाच्या दिशेने धावत सुटलं. फुलवंता ओंजळ भरभरून प्याली. काय गोड, काय गार!

परीने तिच्या गालाला गाल लावला. "इच्छेला नियम असतात. माझ्या लाडाला कसले गं नियम?" तिने फुलवंताच्या ओठांवर एक इवलासा मुका दिला. "डाग पुसले हं. पण हे दोन दात गळ्यात गळा घालून उभे आहेत. यांना वेगळं करू?"

"नको," फुलवंता म्हणाली. "भांडतील उगाच."

परी खळखळून हसली. हसता हसता तिच्याभोवती सोनेरी उजेड फुलला, पळसापळसावर सांडला, आणि उजेड ओसरला तेव्हा परी कुठेच नव्हती.

फुलवंता धावत घरी आली. "माय, चल! घागर घे! गोडं पाणी आलंय!" दमडूला कडेवर घेऊन ती अंगणात गिरक्या घेत हसत सुटली. मायच्या हातातली पत्रावळ तशीच राहिली. ती लेकीच्या तोंडाकडे बघतच राहिली.

"काय गं माय, काय झालं?"

"काही नाही," माय डोळे पुसत म्हणाली. "हस तू. अजून हस."